ज्या मुक्कामास भाडे नाही

वाटेवरच्या मनुष्यास रात्रीपुरते छप्पर, घागरभर पाणी आणि तीन दगडांची चूल एवढे मिळाले म्हणजे त्याचे बहुतेक काम भागते. आपल्या वर्धा जिल्ह्यात अशी ठिकाणे पूर्वापार आहेत. गावापासून कोस-दीड कोस दूर, माळाच्या टोकास, एखाद्या देवस्थानाजवळ किंवा नाल्याच्या काठी कवेलूंची नाहीतर पत्र्याची पडवी असते. शेजारी विहीर किंवा हापशी असते. धुराने काळी पडलेली एक भिंत असते. तेथे पहारेकरी नाही, दिवा नाही, नाव लिहून घेणारा कारकून नाही, आणि भाडेही नाही. जो येतो तो उतरतो, भाकर भाजतो, निजतो आणि पहाटे चालू लागतो.

अशा ठिकाणाविषयी एक प्रश्न वाचकांपुढे मांडावयाचा आहे. प्रश्न दिसावयास लहान आहे, परंतु त्याचे जसे उत्तर आपण देऊ तशी ती ठिकाणे राहतील किंवा नष्ट होतील. प्रश्न असा की, जेथे कोणी काही मागत नाही तेथे उतरणारा काही देणे लागतो काय? आणि लागत असेल तर ते कोणाचे?

पुष्कळ लोक तत्काळ उत्तर देतील की, भाडे नाही तेथे देणे नाही. हे उत्तर बाजारात बरोबर आहे. पैसे घेणाऱ्या खाणावळीत आपण जेवलो, निजलो, सकाळी पैसे मोजून दिले, की मालकाचा व आपला संबंध संपला. पैशाचा हा एक गुणच आहे की, तो देणाऱ्यास व घेणाऱ्यास दोघांसही मोकळे करतो. परंतु जेथे पैसा घेतलाच नाही तेथे मोकळे होण्याचा हा मार्ग बंद असतो. म्हणून विनामूल्य मुक्कामात ऋण नाही असे म्हणणे चूक होय. तेथे ऋण असते. फक्त ते नाण्यांनी फिटत नाही.

प्रथम हे लक्षात घ्यावे की, उतरणाऱ्यास जे फुकट असते त्याची किंमत कोणीतरी भरलेली असते. यरीहोच्या वाटेवर लुटारूंनी अर्धमेला करून टाकलेल्या मनुष्याचा दाखला आपणा सर्वांस पाठ आहे. त्याने उतारशाळेत एक कवडीही दिली नाही. पण ती उतारशाळा फुकट नव्हती. शोमरोनी मनुष्याने निघताना दोन नाणी काढून दिली आणि अधिक खर्च झाल्यास परत येताना देण्याचे कबूल केले. जखमी मनुष्य शुद्धीवर आला तेव्हा पैसे भरणारा पुढे निघून गेला होता. आपल्या माळावरील पडवीचेही असेच आहे. तिचे लाकूड कोणी दिले, कवेलू कोणी वाहून आणले, हे आज सांगता येत नाही. विहीर खणताना प्रथम काळी माती, मग मुरूम, मग काळा दगड लागतो. तो दगड उन्हाळ्याच्या दिवसांत, पाणी खोल गेलेले असताना फोडावा लागतो. मे महिन्यात ज्या भागात ऊन 45 अंशांच्या पुढे जाते, त्या भागात कोणीतरी हे केले, म्हणून आज आपली घागर भरते. पैसे भरणारा निघून गेला आहे; त्याचे उपकार त्याला परत करण्याची सोय राहिलेली नाही.

हा जिल्हा 1862 साली नागपुरापासून वेगळा झाला आणि आगगाडी 1867 साली नागपुरास पोहोचली. त्यापूर्वी मीठ, धान्य व कापूस बैलांच्या पाठीवर आणि गाड्यांवर जात असे. तेव्हा बंजाऱ्यांचे तांडे, यात्रेकरू, लग्नाची वऱ्हाडे, या सर्वांचा प्रवास पाण्यापासून पाण्यापर्यंत मोजला जाई. कोणत्या मुक्कामास पाणी गोड आहे व कोठे सावली आहे, एवढे ज्ञान असले की मनुष्य निर्धास्त निघे. आज मोटार तासाभरात ते अंतर तोडते. म्हणून आपणांस वाटते की, तसले मुक्काम आता लागत नाहीत. ते खरे नाही. ज्याच्याजवळ मोटारीचे भाडे नाही, जो मेंढरे घेऊन पायी निघाला आहे, ज्याचे मनुष्य रुग्णालयात पडून आहे आणि ज्यास रात्र काढावयास अंगणही नाही, त्यांस ते आजही लागतात.

अशा मुक्कामाची रीत कोणती, हे ज्यांनी निर्जन प्रदेशातच दिवस काढले त्यांच्याकडून शिकणे बरे. इस्राएल लोक तांबड्या समुद्रापलीकडे रानात निघाले तेव्हा तीन दिवस त्यांस पाणी मिळाले नाही. मग मारा येथे मिळाले ते कडू निघाले. त्यानंतर ते एलीमास आले. तेथे पाण्याचे बारा झरे आणि खजुरीची सत्तर झाडे होती, व त्यांनी पाण्याजवळ तळ दिला. तेथे जकात घेणारा कोणी असल्याचे लिहिलेले नाही. परंतु ज्या लोकांस मालक नसलेल्या भूमीवर वर्षानुवर्षे तळ द्यावयाचा होता त्यांस नियम मात्र दिलेला होता. अनुवादाच्या पुस्तकात तो आढळतो. प्रत्येकाने आपल्या हत्यारांबरोबर खणावयाचे एक लहान साधन बाळगावे, शौचास तळाबाहेर जावे आणि खणून मळ झाकून टाकावा. धर्मशास्त्रात इतकी क्षुद्र गोष्ट कशाला, असे कोणास वाटेल. पण कारण तेथेच सांगितले आहे: परमेश्वर त्या तळातून फिरतो. म्हणजे ज्या जमिनीचा मालक दिसत नाही तिलाही मालक आहे, आणि तो रात्री फेरी मारतो.

वाळवंटातील लोक पाहण्यास आपणांस फार दूर जावे लागत नाही. कच्छ-काठेवाडाकडील रबारी पशुपालक आपल्या विदर्भात अनेक दशकांपासून फिरतात. आपण त्यांस काठेवाडी म्हणतो. उंटाच्या पाठीवर खाट, भांडी, गोधड्या आणि नुकतीच जन्मलेली कोकरे बांधून ते पीक निघालेल्या रानात उतरतात. खाट उभी करून तिच्यावर सामान रचले, तीन दगड मांडले, की त्यांचे घर झाले. त्यांच्या मेंढरांच्या लेंड्यांनी व मुताने रान सुपीक होते, म्हणून शेतकरी त्यांस धान्य किंवा पैसे देऊन आपल्या वावरात मेंढरे बसवून घेतात. येथे विचार करण्यासारखी गोष्ट ही आहे. ज्याच्याजवळ जमिनीचा एक तुकडाही नाही असा वाटसरू जमीनवाल्याची जमीन पहिल्यापेक्षा चांगली करून जातो. त्याच्या मुक्कामाची खूण पुढल्या हंगामाच्या पिकात दिसते. आपल्या मुक्कामाची खूण कशात दिसते, हे प्रत्येकाने मनाशी पाहावे.

आपल्याच शेजारच्या अमरावती जिल्ह्यात शेंडगाव येथे 1876 साली जन्मलेले गाडगे महाराज यांनी या विषयाचा धडा हातात खराटा घेऊन दिला. ते गावात आले की कोणाच्या ओसरीवर बसण्याआधी गाव झाडू लागत. पाहुणा येतो आणि यजमानाचे अंगण झाडतो, हा उलटा व्यवहार पाहून लोक चकित होत. मग लाजून आपणही झाडू घेत. पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी अशा ठिकाणी त्यांनी गोरगरिबांसाठी धर्मशाळा उभारविल्या. परंतु आपल्या कुटुंबास त्यांनी त्या धर्मशाळांत सुखाने राहू दिले नाही, ते झोपडीत राहिले, असे त्यांच्या चरित्रांतून सांगितले जाते. हा कठोरपणा वाटेल. पण त्यातील विचार उघड आहे: जे सर्वांसाठी आहे त्यावर बांधणाऱ्याचाही विशेष हक्क नाही. 20 डिसेंबर 1956 रोजी वलगावाजवळ वाटेतच त्यांचा अंत झाला. गाडगे आणि खराटा यांपलीकडे त्यांची मालमत्ता म्हणावी अशी नव्हती.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. देणे कोणाचे? ज्याने पडवी बांधली तो गेला. जमीन ज्याची आहे तो मागत नाही. तेव्हा राहिला कोण? जो आपल्यानंतर येणार आहे तो. विनामूल्य मुक्कामाचे ऋण मागे फेडता येत नाही, ते पुढेच फेडावे लागते. आपल्यास जी चूल तयार मिळाली ती दुसऱ्यास तयार मिळावी. आपल्यास जे पाणी गढूळ मिळाले नाही ते दुसऱ्यास गढूळ मिळू नये. येणारा आपला नातलग नाही, आपल्या जातीचा किंवा मंडळीचा नाही. तो आपले नाव जाणणार नाही आणि आभारही मानणार नाही. म्हणूनच हे देणे फेडण्यात मनुष्याची परीक्षा आहे. ओळखीच्या माणसासमोर आपण सर्वजण सभ्य असतो. जेथे बघणारा कोणी नाही आणि ज्याचे बरे करावयाचे तो अजून यावयाचा आहे, तेथे आपण कसे वागतो, यावरून आपला धर्म समजतो.

येथे एक आक्षेप येईल आणि तो ऐकून घेतला पाहिजे. कोणी म्हणेल, “आधीच थकला-भागलेला गरीब मनुष्य, त्याच्या माथी हे ऋण कशाला मारता? दान दिले तर सुखाने घेऊ द्या. दानाबरोबर देण्याची यादी जोडली तर ते दान कसले?” या बोलण्यात सत्य आहे. तापाने फणफणलेले लेकरू घेऊन मध्यरात्री पडवीत आलेल्या बाईकडून कोणी खराट्याची अपेक्षा करू नये. तिने निजावे, आणि सकाळी काही न करता निघून जावे. ती जागा तिच्यासाठीच बांधली आहे. ज्याच्या अंगात शक्ती नाही त्यास देणे नाही. परंतु आपण स्वतःस त्या बाईच्या ठिकाणी किती लवकर ठेवतो! धडधाकट मनुष्य, गाठीला पैसा असलेला, गाडी घेऊन आलेला, तोही म्हणतो की, येथे तर सर्व फुकट आहे. फुकटाचा हक्क गरजेने येतो. गरज नसता तो घेणारा गरजवंताच्या अंगावरील पांघरूण ओढतो. शिवाय खरा गरीब बहुधा घेऊन तसाच जात नाही. रात्री पेटविलेल्या पऱ्हाट्यांतील उरलेल्या चार पऱ्हाट्या तो चुलीशी रचून ठेवतो. देण्यात जो मान आहे तो गरिबासही हवा असतो, आणि तो त्याच्यापासून हिरावून घेणे हीही एक क्रूरता आहे.

दुसरी गोष्ट मुक्कामाच्या मुदतीची. अनेक धर्मशाळांतून तीन दिवसांपेक्षा अधिक राहू देत नाहीत. हा नियम कंजूषपणाचा नाही. रानात मान्ना पडत असे तेव्हा ज्याने गरजेपेक्षा जास्त साठविला त्याच्यात सकाळी किडे पडले. एका दिवसाचे अन्न एका दिवसापुरतेच गोड होते. मुक्कामही तसाच आहे. जो वाटसरू म्हणून आला आणि हळूहळू कोपरा धरून बसला, खुंट्या ठोकल्या, कुलूप घातले, त्याने आयत्या बिळावर नागोबा होऊन सर्वांचे ते आपले केले. याच्या उलट उदाहरण आपल्याच जिल्ह्यातील आहे. विनोबा भावे 1951 साली पवनारहून पायी निघाले ते 1964 साली पवनारास परतले. त्या तेरा वर्षांत शेकडो गावांनी त्यांस उतरावयास जागा दिली. परंतु बहुधा एका गावी एकच रात्र. पहाट झाली की ते पुढल्या वाटेला लागत. भूमिहीनांसाठी जमीन मागणाऱ्या त्या मनुष्याने स्वतः मात्र कोणाच्या ओसरीवर दुसऱ्या रात्रीचा हक्क सांगितला नाही, आणि म्हणूनच लोक त्यांचे मागणे ऐकत.

तिसरी गोष्ट अधिक दुःखाची आहे, आणि ती आपल्या गावोगावच्या मंडळ्यांतील वडीलधाऱ्यांस सांगण्याची गरज नाही. फुकट म्हणून प्रसिद्ध असलेली कितीएक ठिकाणे सर्वांस फुकट नव्हती. ज्या विहिरीस भाडे नव्हते तिच्या काठावर ‘तू कोण?’ हा प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर देऊन तहानलेला तसाच परत जाई. पैसा घेणारा निदान पैसा पाहून दार उघडतो. जात विचारणारा पैसा पाहूनही उघडत नाही. गाडगे महाराजांस पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा निराळी बांधवून घ्यावी लागली, याचे कारण हेच की, अस्पृश्य म्हणून गणलेल्या यात्रेकरूंस विठोबाच्या गावी पाठ टेकावयास छप्पर मिळत नव्हते. ती धर्मशाळा पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन करण्यात आली. आपल्या वर्धा शहरात जमनालाल बजाज यांनी 1928 साली लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्यांस खुले केले, तेव्हा ती गोष्ट देशभर बोलली गेली. दार उघडणे ही बातमी व्हावी, यावरूनच ते किती काळ बंद होते हे कळते.

जातीप्रमाणे रोगही दार बंद करितो. गांधीजी 1936 साली शेगाव येथे राहावयास आले; 1940 साली त्या गावाचे नाव सेवाग्राम झाले. तेथील पहिले घर पाचशे रुपयांच्या आत आणि आसपास मिळणाऱ्या सामानाने उभारावे, अशी त्यांची अट होती. मातीच्या भिंती, बांबू, कवेलू, एवढेच ते घर. त्या आश्रमात 1939 साली परचुरे शास्त्री नावाचे विद्वान महारोगी आले. त्या रोगाच्या मनुष्यास आपले घरही आपले राहत नसे. आश्रमात इतर लोक राहत होते, त्यांचीही काळजी होती. तरी त्यांस परत पाठविण्यात आले नाही. त्यांच्यासाठी जवळच कुटी बांधण्यात आली आणि गांधीजी स्वतः त्यांचे अंग चोळीत. ज्यास कोठेही थारा नाही त्यास येथे थारा मिळतो काय, ही प्रत्येक विनामूल्य मुक्कामाची खरी कसोटी आहे. जेथे सर्वांहून नकोसा मनुष्य निजू शकतो तीच जागा सर्वांची. बाकीच्या जागांस भाडे आहे. फक्त ते जातीने किंवा अब्रूने वसूल केले जाते.

एवढे बोलल्यावर आजच्या स्थितीकडे डोळेझाक करिता येत नाही. गावोगावच्या कितीतरी पडव्यांस व धर्मशाळांस आज कुलूप आहे. विचारले तर गावकरी सांगतात की, लोक घाण करितात, बाटल्या फोडतात, हापशीचा दांडा मोडतात, भिंतीवर नावे कोरतात, म्हणून कुलूप घातले. त्यांस दोष कसा द्यावा? पण ते कुलूप कोणाच्या हाताने लागले, याचाही विचार करावा. एकाने पत्रावळी विहिरीत टाकल्या, दुसऱ्याने पडवीतच राख सोडली, तिसऱ्याने दरवाजाची फळी सरपण म्हणून जाळली. प्रत्येकास वाटले, माझ्या एकट्याने काय होते? त्यांतील एकही त्या कुलपाखाली अडकला नाही. ते सर्व आपापल्या घरी सुखाने निजले. अडकली ती लेकरू घेऊन मध्यरात्री आलेली बाई. ज्यांनी जागा बिघडविली ते शिक्षा भोगीत नाहीत; ज्याने कधी काही बिघडविले नाही तो ती भोगतो. विनामूल्य वस्तूचा दुरुपयोग हे लहान पाप न मानण्याचे कारण हेच.

म्हणून प्रवासास निघणाऱ्यांनी, यात्रेस, बाजारास किंवा सोयऱ्याच्या गावी जाणाऱ्यांनी काही साध्या गोष्टी पाळाव्यात. विहिरीच्या काठापासून दूर भांडी घासावी व अंग धुवावे. निघताना चुलीतील विस्तव पाणी ओतून विझवावा, कारण चैत्र-वैशाखाच्या वाऱ्यात एक निखारा अख्खे माळरान जाळतो. प्लास्टिक व बाटल्या ज्या हाताने आणल्या त्याच हाताने परत न्याव्यात. शेण-पाला माती खाते, त्यांस माती खात नाही. मागाहून कोणी आला तर पथारी आखडून त्यास जागा द्यावी, आणि त्याची जात विचारू नये. आणि गावात राहणाऱ्यांनी कुलपाची किल्ली निदान जवळच्या घरी ठेवावी व ती कोणाकडे आहे हे दारावर लिहावे. आपल्या मंडळीच्या प्रार्थनामंदिरास ओसरी असेल तर तिचाही याच रीतीने विचार करावा. रविवारी भरणारी ओसरी शनिवारच्या रात्री वाटसरूस का मिळू नये?

तात्पर्य, ज्या मुक्कामास भाडे नाही त्याचे देणे सर्वांत मोठे आहे, कारण ते मागणारा कोणी नाही. रात्र संपली, पोटभर पाणी प्यालो, गाठोडे उचलले, की एकदा मागे वळून जागेकडे पाहावे. जमीन झाडलेली आहे काय? विस्तव विझला आहे काय? चुलीजवळ उद्याच्या माणसासाठी चार पऱ्हाट्या ठेवल्या आहेत काय? असल्या, तर भाडे पोहोचले असे समजावे.